मदुराईचं पाऊल, मुंबईचं भिंग

हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ साली मुंबईत उतरले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. चित्रकाराचा मुलगा, लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये तयार झालेला डॉक्टर आणि हातात पेन्सिल घेतली की हाड-स्नायू-शीर जिवंत करणारा माणूस. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथाची चित्रं त्यांनीच काढली होती. पुस्तक त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला बाहेर पडलं, पण तोवर कार्टर भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवू लागले होते. कॉलेजला लागूनच जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय, म्हणजे आजचं जे. जे. तिथल्या शल्यकक्षात त्यांना असे पाय बघायला मिळाले, ज्यांचं वर्णन लंडनच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

पायाची कथा जवळजवळ प्रत्येक रोग्याची सारखीच. शेतात, रानात अनवाणी चालताना कधीतरी काटा रुतलेला, काढून टाकलेला, विसरून गेलेला. काही महिन्यांनी तिथे एक टणक गाठ येते. गाठ दुखत नाही, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. मग ती वाढते, शेजारी दुसरी येते, एकेकीला तोंड पडतं आणि त्यातून पातळ पू वाहू लागतो. जुनी तोंडं बुजतात, नवी फुटतात. काही वर्षांत तळवा खालून फुगून गोल होतो, बोटं वर उचलली जाऊन जमिनीला टेकेनाशी होतात आणि पाऊल ओळखू येईनासं होतं. पोटरी मात्र वापर नसल्यामुळे वाळत जाते. या सगळ्यात एक खूण अशी होती, जी दुसऱ्या कोणत्याही गळवात दिसत नसे: पुवाबरोबर बारीक कठीण दाणे बाहेर पडत. काहींच्या पायातून काळे, काहींच्या पायातून पांढरट-पिवळसर.

हा आजार कार्टर यांच्या आधीही लोकांना ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘वल्मीक’ नावाची व्याधी सांगितली आहे. हातापायांचे तळवे, सांधे, मान अशा ठिकाणी वारुळासारखी वाढत जाणारी, अनेक तोंडांनी स्रवणारी गाठ, असं तिचं वर्णन आहे. अभ्यासकांना त्यात हाच रोग दिसतो. आधुनिक नोंद १८४२ ची, मदुराईच्या दवाखान्यातले डॉक्टर जॉन गिल यांची. तिथेच पुढे कोलब्रुक यांनी ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ केलं. १८४६ मध्ये बेल्लारीच्या गॉडफ्रे यांनी ‘लॅन्सेट’मधून पायाच्या या अपरिचित रोगाकडे लक्ष वेधलं. १८५५ मध्ये बॅलिंगॉल यांनी मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या वार्षिकात पहिल्यांदा शंका घेतली की, यामागे एखादा परजीवी असावा. मात्र तो परजीवी कोणता आणि दाणे म्हणजे नेमकं काय, या प्रश्नांना कोणी हात घातला नव्हता.

कार्टर यांनी तो घातला. शस्त्रक्रियेत कापून टाकलेले पाय त्यांनी हाती घेतले, त्यांचे छेद पाडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेले. हाडं आतून पोखरलेली होती, त्यात गोल गोल पोकळ्या होत्या आणि त्या पोकळ्यांत दाणे ठासून भरलेले होते. स्नायू आणि चरबी यांतूनही दाण्यांच्या वाटा गेलेल्या दिसत होत्या. काळा दाणा फोडून पाहिला तर आत गुंतलेल्या धाग्यांचं जाळं. हे धागे माणसाच्या शरीरातल्या कोणत्याच पेशीचे नव्हते. त्यांनी ते सगळं रंगवून काढलं आणि १८६० मध्ये सोसायटीच्या वार्षिकात प्रसिद्ध केलं. हा बुरशीमुळे होणारा रोग आहे, असं त्यांनी मांडलं. ‘मायसेटोमा’ हे नावही त्यांनीच दिलं. तेच आज जगभर चालतं.

हे धाडस केवढं होतं, हे समजण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. रॉबर्ट कॉख यांनी अँथ्रॅक्सचा जिवाणू सिद्ध केला १८७६ मध्ये. ग्रॅम यांचं रंजक १८८४ चं. सूक्ष्मजीवामुळे माणूस आजारी पडतो, हे युरोपातही सर्वमान्य व्हायच्या आधी मुंबईतला एक शरीररचनेचा शिक्षक एका विशिष्ट रोगाचा संबंध एका विशिष्ट सजीवाशी जोडत होता, आणि त्याचा पुरावा त्याच्या मेजावर, कापलेल्या पायात होता.

पुढची पायरी मात्र निसरडी निघाली. दाण्यातला जीव शरीराबाहेर वाढवून दाखवला तरच त्याची ओळख पटणार होती. जपून ठेवलेल्या नमुन्यांवर गुलाबी-लालसर बुरस आला आणि हाच तो जीव, असं वाटलं. इंग्लंडमधले बुरशीशास्त्रज्ञ माइल्स जोसेफ बर्कले यांनी कार्टर या आडनावावरून त्याचं ‘कायोनायफी कार्टेराय’ असं बारसंही केलं. १८७० च्या दशकात कलकत्त्याहून टिमोथी लुईस आणि डेव्हिड डग्लस कनिंगहॅम यांनी सगळं पुन्हा तपासलं. त्यांना त्या लाल बुरशीचा आणि दाण्यांचा काही संबंध सापडला नाही. त्यांचं बरोबर होतं. तो बुरस हवेतून येऊन नमुन्यावर बसलेला पाहुणा होता.

दरम्यान कार्टर १८६३ ते १८७२ साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. पुढे त्यांनी कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वे गाठलं आणि १८७४ मध्ये लंडनहून मायसेटोमावरचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला; पुढे ते काठेवाडातही फिरले. १८७७ मध्ये दुष्काळाने मुंबईत लोटलेल्या उपाशी माणसांच्या रक्तात त्यांनी पुनरावर्ती तापाचे मळसूत्री जिवाणू पाहिले आणि तो ताप त्यांना स्वतःलाही झाला. काळ्या दाण्यांच्या बाबतीत बुरशीचा त्यांचा निष्कर्ष पुढे खरा ठरला. पांढऱ्या-पिवळ्या दाण्यांचं कोडं मात्र बराच काळ अडून राहिलं.

ते सुटायला मदत झाली ती गुरांच्या जबड्यांची. १८७७ मध्ये म्युनिकमध्ये ओटो बोलिंगर यांनी बैलांच्या जबड्यावर येणाऱ्या कठीण गाठींत पिवळे कण दाखवले. कार्ल हार्झ यांना ते कण किरणांसारखे पसरलेले दिसले आणि त्यांनी नाव ठेवलं ‘अ‍ॅक्टिनोमायसिस’. पुढच्याच वर्षी बर्लिनचे शल्यचिकित्सक जेम्स इस्राएल यांनी माणसातही तसाच आजार असल्याचं मांडलं. मुंबईत कार्टर यांनी ही वर्णनं वाचली आणि त्यांच्या चटकन लक्षात आलं की, आपल्याकडच्या पायांतले फिकट दाणे या बैलांच्या कणांशी फार मिळतेजुळते आहेत. १८८६ मध्ये त्यांनी तसं लिहिलं. अडीच दशकं काळे आणि फिकट दाणे एकाच रोगाचे दोन प्रकार मानून त्यांनी सांभाळले होते. आता त्यांच्याच नजरेने ते वेगळे पडू लागले.

युरोपातही बुरसाच्या पाहुण्याने भल्याभल्यांना चकवलं. १८९० च्या सुमारास जर्मनीत बोस्ट्रोम यांनी जबड्याच्या गाठींतून हवेत वाढणारा एक धागेदार जीव वाढवला. गाठींत गवताची कुसळंही सापडत होती, म्हणून हा जीव गवतावरून तोंडात शिरतो, असं त्यांनी ठरवलं. गवत चघळू नका, हा सल्ला पुढे कित्येक वर्षं डॉक्टर देत राहिले. १८९१ मध्ये वोल्फ आणि इस्राएल यांनी हवाबंद अवस्थेत खरा जीव वाढवला. तो प्राणवायू टाळणारा होता आणि त्याचं घर निरोगी माणसाच्या तोंडातच होतं. मदुराईच्या पावलातले जीव वेगळे, मातीत राहणारे, मोकळ्या हवेत वाढणारे. दोन्हीकडच्या शल्यचिकित्सकांना धडा मात्र एकच मिळाला: जखमेतून काहीतरी उगवलं म्हणून तेच दोषी ठरत नाही.

शतकाची शेवटची दहा वर्षं या प्रश्नावर अक्षरशः झुंबड उडाली. विकृतिशास्त्रज्ञ कँथॅक यांचा आग्रह असा की, हे सगळं एकच आहे, मदुरा फूट म्हणजे गुरांच्या जबड्यातला तोच आजार, अ‍ॅक्टिनोमायकोसिस. रुबर्ट बॉइस आणि मुंबईचे डॉक्टर एन. एफ. सर्व्हेअर यांनी लंडनमध्ये नमुने तपासून रॉयल सोसायटीपुढे १८९३-९४ मध्ये निबंध मांडला. पांढरे दाणे अ‍ॅक्टिनोमायसिसच्या जातकुळीतले, काळे दाणे मात्र त्याहून वेगळ्या, खऱ्या बुरशीचे, असा त्यांचा निवाडा होता. त्याच १८९४ मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर ह्यासिंत व्हँसाँ यांनी अल्जीरियातल्या एका रुग्णाच्या पांढऱ्या दाण्यांतून खरा जीव वेगळा वाढवला आणि मदुराईचं नाव त्याला कायमचं चिकटवलं. आज तो ‘अ‍ॅक्टिनोमड्युरा मड्युरी’ या नावाने ओळखला जातो. चार वर्षांनी बॉस्टनमध्ये जेम्स होमर राइट यांनी काळ्या दाण्यांतून बुरशी वाढवली.

बाहेरून हुबेहूब एकसारखे दिसणारे दोन पाय, पण आत दोन वेगळ्या सृष्टी. एकीकडे बुरशी. दुसरीकडे जिवाणू, पण असे जिवाणू की जे बुरशीसारखे लांब धागे काढतात, त्यांना फांद्या फुटतात आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांनी त्यांना बुरशीच समजून नोंदवलं. फरक जाडीत होता. बुरशीचा धागा साधारण दोन ते पाच मायक्रॉन जाड, जिवाणूचा एक मायक्रॉनच्या आत. त्या काळच्या भिंगांना हा फरक दिसत होता, पण त्याचा अर्थ लावायची चौकट अजून तयार व्हायची होती.

ती चौकट वसाहतींच्या दवाखान्यांत हळूहळू उभी राहिली. सेनेगलमधून लाल दाण्यांचा जिवाणू आला, सोमालियाच्या नावाचा पिवळ्या दाण्यांचा आला, ब्राझीलमध्ये १९०९ मध्ये लिंडेनबर्ग यांनी ‘नोकार्डिया ब्राझिलिएन्सिस’चं वर्णन केलं. नोकार्डिया हे कुळ फ्रेंच पशुवैद्य एदमों नोकार यांच्या नावाचं. त्यांनी १८८८ मध्ये ग्वादेलूप बेटावरच्या गुरांत त्याचा पहिला जीव शोधला होता. १९१६ मध्ये खार्टूमच्या चामर्स आणि आर्चिबाल्ड यांनी रोगाची दोन स्पष्ट घरं पाडली, एक बुरशीचं आणि एक जिवाणूंचं. आज पहिल्याला युमायसेटोमा म्हणतात, दुसऱ्याला अ‍ॅक्टिनोमायसेटोमा.

रोग्याला मात्र या विभागणीचा त्या वेळी काहीच उपयोग नव्हता. घर कोणतंही असो, इलाज एकच होता: पाय कापणं. कष्टकरी माणसाचा पाय गेला की त्याचं शेत, त्याची मजुरी, बहुतेक वेळा त्याचं सगळं घर उघड्यावर येत असे.

हे बदललं १९४० नंतर. सल्फा औषधांनी जिवाणूंच्या दाण्यांवर परिणाम दाखवला. मग स्ट्रेप्टोमायसिन आलं, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन आलं, को-ट्रायमॉक्साझोल आलं. यात निसर्गाचा एक विलक्षण हिशेब आहे. सोमालियातला पिवळ्या दाण्यांचा जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस कुळातला, आणि १९४३ मध्ये ज्या मातीतल्या जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तोही त्याच कुळातला. पुढे याच रोगावर वापरात आलेलं अमिकॅसिन ज्या कॅनामायसिनपासून तयार होतं, तेही याच कुळातल्या आणखी एका जिवाणूची देणगी. मातीतल्या एका भावंडाने पाय सडवावा आणि दुसऱ्याने तो वाचवावा, असंच हे झालं.

मेक्सिकोत माँतेरेय शहरातले त्वचारोगतज्ज्ञ ओलिव्हेरिओ वेल्श यांनी १९८० च्या दशकात अमिकॅसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल यांची जोडी पाच-पाच आठवड्यांच्या फेऱ्यांनी द्यायला सुरुवात केली. तिकडे बहुतेक रुग्ण नोकार्डियाचे. हाडापर्यंत पोचलेला, फुप्फुसाकडे सरकणारा आजारही त्यातून आटोक्यात येऊ लागला. अमिकॅसिन मूत्रपिंडाला आणि कानाला बाधतं, म्हणून दर फेरीनंतर रक्त आणि श्रवणशक्ती तपासावी लागते. दिल्लीच्या एम्समध्ये एम. रामम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पेनिसिलिन, जेंटामायसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल यांची दोन टप्प्यांची पद्धत मांडली.

इथे येऊन शंभर वर्षांपूर्वीचा दाण्यांचा वाद थेट सर्जनच्या सुरीपर्यंत पोचला. जिवाणूंचा मायसेटोमा असेल तर मुख्य इलाज औषधांचा. तो ऊतींत पसरत जाणारा, कडा न ठेवणारा असतो, त्यामुळे घाईने कापायला गेलं तर मुळं मागेच राहतात. बुरशीचा असेल तर औषधं तुलनेने कमजोर. पण सुरुवातीला गाठ बऱ्याचदा आवरणात बांधलेली असते आणि औषधाच्या जोडीने ती संपूर्ण काढून टाकता येते. जिवाणूंच्या रोग्याला बुरशीचं औषध वर्षभर दिलं तर वर्ष वाया जातं आणि रोग हाडात शिरतो. बुरशीच्या रोग्याला प्रतिजैविकांच्या फेऱ्या दिल्या तर कान-मूत्रपिंड पणाला लागतात आणि गाठ जिथल्या तिथे राहते.

म्हणून प्रयोगशाळेत आजही सगळी धडपड दाण्यासाठी असते. वाहत्या तोंडावर रात्री स्वच्छ गॉज बांधून ठेवतात. सकाळी ते काळजीपूर्वक उलगडलं की पुवाने भिजलेल्या विणीत अडकलेले दाणे सापडतात. दाणा सलाइनमध्ये धुतात, मग दोन काचपट्ट्यांत चिरडतात. काळा दाणा सहज चिरडत नाही, बोटाखाली करकरतो. अ‍ॅक्टिनोमड्युराचा दाणा डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असू शकतो; नोकार्डियाचा इतका सूक्ष्म की पुवातून तो हुडकणं हेच कौशल्य. एका काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून जाड धागे दिसतात का पाहायचं, दुसरीवर ग्रॅमचं रंजक. निळ्या-जांभळ्या रंगाचे बारीक फांदीदार धागे दिसले की जिवाणू. मग तिसरी काचपट्टी अम्लरोधी रंजकाची. पण क्षयाच्या तपासणीत वापरतात तेवढं तीव्र अम्ल इथे चालत नाही. एक टक्का गंधकाम्लाने धुतलं तरच नोकार्डिया आपला लाल रंग राखून ठेवतो.

रंगावर भिस्त ठेवून भागत नाही. काळा दाणा जवळपास नेहमी बुरशीचा आणि लाल दाणा जिवाणूचा, एवढं खरं. पांढरा किंवा पिवळट दाणा दोन्हींपैकी कोणाचाही असू शकतो. वाढ हवी तर कल्चरची बशी काही आठवडे राखावी लागते. दोन दिवसांत उगवलेल्या साध्या जिवाणूंचा अहवाल देऊन नमुना फेकून दिला, तर खरा जीव उगवायच्या आधीच कचऱ्यात जातो. शेवटी जिवाणूची जात ठरवायला हल्ली १६-एस जनुकाचं वाचन करतात. एमआरआयमध्ये काळ्या ठिपक्याभोवती उजळ वर्तुळ दिसतं, त्यातला ठिपका म्हणजे दाणा; अनुभवी रेडिओलॉजिस्ट त्यावरूनही रोग ओळखतो.

तरीही चूक होते, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा ती क्षयाच्या बाजूने होते. वाहणारी तोंडं, पोखरलेलं हाड, अम्लरोधी धागे, एवढ्यावर हाडाचा क्षय मानून महिनोन्‌महिने औषधं चालतात. रोग्याला दुखत नाही आणि गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्याचा खर्च परवडत नाही. तो येतो तोवर वर्षं उलटलेली असतात.

या रोगाचा सर्वांत मोठा अभ्यास झाला सुदानमध्ये. तिथल्या अ‍ॅबट यांनी १९५६ मध्ये अडीच वर्षांतल्या १,२३१ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये खार्टूममध्ये मायसेटोमा संशोधन केंद्र उभं राहिलं आणि सर्जन अहमद हसन फहाल यांच्या नेतृत्वाखाली ते जगाचं माहेरघर झालं. एकाच छताखाली शस्त्रक्रिया, प्रयोगशाळा, कृत्रिम पाय बनवण्याची सोय आणि गावोगावी जाणारी पथकं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतलं, त्यामागे या केंद्राचा मोठा वाटा होता. बुरशीच्या मायसेटोमावरची पहिली काटेकोर औषध चाचणीही तिथेच झाली. २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि ते केंद्र उद्ध्वस्त झालं. चाळीस वर्षांपासून साठवलेले नमुने गेले. नव्या तंत्रांनी पुन्हा वाचता येतील असे दाणे, हजारो माणसांच्या पायांतून मिळालेले, आता कोणाच्याच हाती नाहीत.

भारतात राजस्थानकडे काळ्या दाण्यांची बुरशी जास्त आढळते, दक्षिणेत जिवाणूंचे प्रकार. महाराष्ट्रातून येणाऱ्या रुग्णांत दोन्ही असतात, म्हणून इथल्या सर्जनला अंदाजावर चालता येत नाही. रोग्याला टेबलावर घेतल्यावर त्याला एक साधी गोष्ट करावी लागते: खोलवर जाऊन, दाणा येईल असा तुकडा काढायचा आणि त्याचे दोन भाग करायचे. एक फॉर्मॅलिनच्या बाटलीत, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा सलाइनच्या निर्जंतुक बाटलीत, मायक्रोबायोलॉजीसाठी, चिठ्ठीवर ‘मायसेटोमाची शंका, कल्चर सहा आठवडे ठेवा’ असं लिहून. अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जीव तिथेच मरतो, कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि अमिकॅसिन द्यायचं की बुरशीवरचं इट्राकोनाझोल हा निर्णय पुढच्या बायोप्सीपर्यंत लांबतो.